बोनस की व्याज: निवृत्तीखात्यातले १,८४० डॉलर

मे महिन्याच्या शेवटी टपालपेटीत दोन पातळ पाकिटे आली. त्यांतले फॉर्म ५४९८, म्हणजे अमेरिकेतल्या निवृत्तीखात्यात वर्षभरात किती भरले ते कळवणारे कागद, मी दाराशीच उभा राहून वाचले आणि गेल्या ऑगस्टपासून डोक्यात घर करून बसलेली एक काळजी तिथेच संपली. रॉथ खात्याच्या (यात कर भरून झालेले पैसे ठेवतात) फॉर्मवर दहाव्या चौकटीत, म्हणजे वर्षभरात मी स्वतः भरलेली रक्कम जिथे छापतात तिथे, ७,००० एवढाच आकडा होता. दुसऱ्या, म्हणजे पारंपरिक खात्याच्या (यात कर पैसे काढताना लागतो) फॉर्मवरची पहिली चौकट कोरी होती. एवढेच मला हवे होते.

झाले होते ते असे. ऑगस्ट २०२४ मध्ये मी माझी दोन्ही निवृत्तीखाती एका ब्रोकरेज कंपनीतून दुसरीकडे हलवली. जुन्या नोकरीतल्या ४०१(के) या निवृत्ती योजनेतून आलेले पारंपरिक आयआरए, म्हणजे वैयक्तिक निवृत्तीखाते, ६०,००० डॉलरचे होते आणि रॉथ आयआरए ३२,००० डॉलरचे. नवी कंपनी हलवलेल्या रकमेवर २ टक्के बोनस देत होती. दोन टक्क्यांसाठी घर बदलणारा माणूस अशी माझी थट्टा इथल्या मराठी मंडळींनी केली, परंतु ज्या कंपनीने बारा वर्षे माझे पैसे सांभाळून निरोपाच्या वेळी प्रत्येक खात्यामागे ७५ डॉलर बंद करण्याचे शुल्क घेतले, तिच्याशी निष्ठा कसली ठेवायची, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही. खाते थेट एका संस्थेकडून दुसऱ्या संस्थेकडे गेले की तो कराच्या दृष्टीने व्यवहारच नसतो, त्याची नोंद विवरणपत्रात करावी लागत नाही, हे मला ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते बोनसचे.

तो आला तेव्हा पारंपरिक खात्यात १,२०० आणि रॉथमध्ये ६४० डॉलर जमा दिसले. आनंद साधारण एक संध्याकाळ टिकला, कारण २०२४ साली पन्नाशीच्या आतल्या माणसाला सगळ्या आयआरए खात्यांत मिळून ७,००० डॉलरच भरता येत होते आणि ते मी जानेवारीतच रॉथमध्ये भरून मोकळा झालो होतो. बोनस ही माझी भर धरली तर बेरीज ८,८४० होते, १,८४० डॉलर मर्यादेबाहेर जातात, आणि जादा रकमेवर ती खात्यातून काढेपर्यंत दरवर्षी ६ टक्के दंडवजा कर बसतो, म्हणजे वर्षाला ११० डॉलर ४० सेंट. विवरणपत्राच्या मुदतीच्या आत जादा रक्कम तिच्यावरच्या कमाईसह काढून घेतली तर हा कर टळतो, हे खरे. पण बोनसची अट अशी होती की पाच वर्षांच्या आत पैसे बाहेर काढले तर कंपनी बोनस परत घेणार. ठेवला तर दंड, काढला तर बोनसच नाही, असा पेच मी स्वतःभोवती विणून घेतला होता.

ग्राहकसेवेतल्या बाईंना फोन केला. त्या अतिशय सौजन्याने म्हणाल्या की बोनस हे व्याज आहे, भरणा नव्हे, आणि अटींमध्येही तसेच लिहिले आहे. कशावरचे व्याज, हा माझा प्रश्न त्यांना बहुधा उद्धट वाटला असावा. पण मी विनोद करत नव्हतो. २०२३ साली याच पद्धतीने एका साध्या गुंतवणूक खात्यात मला ४०० डॉलर बोनस मिळाला होता. जानेवारीत त्याचा फॉर्म १०९९-आयएनटी, म्हणजे मिळालेले व्याज कळवणारा कागद, घरी आला, ते ४०० डॉलर त्या वर्षीचे उत्पन्न धरले गेले आणि २२ टक्क्यांच्या टप्प्यात असल्यामुळे ८८ डॉलर केंद्रीय कर मी मुकाट्याने भरला. तिथेही ते ‘व्याज’च होते. म्हणजे नाव तेच, देणारा त्याच जातीचा, फक्त पैसे ठेवण्याचे भांडे वेगळे. एका भांड्यात पडले की त्याच वर्षी कर, दुसऱ्यात पडले की गप्प.

वार्षिक मर्यादा समजावून सांगणारे अमेरिकी करखात्याचे प्रकाशन ५९०-अ मी त्या आठवड्यात दोनदा वाचले. त्यात या प्रकारच्या बोनसला स्वतःची ओळ नाही. उत्तर वजाबाकीने काढावे लागते. भरणा म्हणजे खातेदाराने आपल्या खिशातून घातलेला पैसा. एका निवृत्तीखात्यातून दुसऱ्यात आलेला पैसा हे स्थलांतर. या दोन्हींत न बसणारी, खात्याच्या अटींमुळे खात्यालाच मिळालेली रक्कम उरते ती लाभांशाच्या आणि व्याजाच्या रांगेत, म्हणजे खात्याची स्वतःची कमाई. कंपन्या बोनस या रांगेत उभा करतात आणि म्हणूनच तो फॉर्म ५४९८ च्या भरण्याच्या चौकटीत येत नाही. ‘कशावरचे व्याज’ याचे उत्तर मात्र यातून मिळत नाही, आणि ज्या देशात रस्त्याकडेला किती मिनिटे गाडी थांबवावी हेही फलकावर लिहिलेले असते तिथे लाखो लोकांच्या म्हातारपणाच्या पैशाबद्दलची ही गोष्ट वजाबाकीवर सोडलेली असावी, याचा मला अजूनही राग येतो.

बोनस सरळ माझ्या हातात का देत नाहीत, याचे उत्तर मात्र लिहिलेले सापडले, आणि ते वाचून मी बराच वेळ हसत होतो. आयआरए सांभाळणाऱ्या संस्थेने खातेदाराला खाते उघडल्याबद्दल किंवा त्यात भर घातल्याबद्दल व्यक्तिशः भेट दिली तर तो निषिद्ध व्यवहार ठरू नये म्हणून सूट आहे, पण तिची कमाल किंमत वर्षाला ५,००० डॉलरच्या आतल्या ठेवीवर १० डॉलर आणि त्याहून मोठ्या ठेवीवर २० डॉलर! पूर्वी इथल्या बँका खाते उघडणाऱ्याला टोस्टर देत असत, त्या काळाचा वास या आकड्यांना येतो. आमच्या सांगलीच्या बँकेतून दिवाळीला बाबांना स्टीलचा डबा मिळत असे, तो या नियमात आरामात बसला असता. नियम मोडल्याची शिक्षा मात्र डब्याच्या मापाची नाही. खातेदाराने निषिद्ध व्यवहार केला तर त्या वर्षाच्या पहिल्या दिवसापासून ते खाते आयआरए राहतच नाही, सगळी रक्कम वाटून घेतली असे धरले जाते आणि माझ्यासारख्या साडेएकोणसाठ वर्षांच्या आतल्या माणसाला नेहमीच्या कराशिवाय करपात्र रकमेच्या आणखी १० टक्के भरावे लागतात. तेव्हा १,८४० डॉलर खात्याच्या आतच पडले, याबद्दल त्या कंपनीचे आभारच मानले पाहिजेत.

आत पडले तरी दोन्ही रकमांचे नशीब सारखे नाही. पारंपरिक खात्यातल्या १,२०० वर, त्यांच्या वाढीसह, मी पैसे काढीन त्या वर्षी नेहमीच्या दराने कर लागेल. रॉथमधले ६४०, खात्याला पाच वर्षे आणि मला साडेएकोणसाठ पूर्ण झाल्यावर काढले, तर त्यांवर येथे कधीच कर नाही. एकाच दिवशी, एकाच दराने आलेले पैसे असूनही.

हे सगळे मी बाबांना रविवारच्या फोनवर सांगितले. १,८४० डॉलर म्हणजे त्या दिवशीच्या भावाने दीड लाख रुपये आणि वर थोडे, हे ऐकून ते लगेच म्हणाले, “अरे, ही तर पीपीएफची वर्षाची मर्यादा झाली.” बाबांनी आयुष्यभर महिन्याच्या पाच तारखेच्या आत पीपीएफ भरला आणि त्या व्याजावर कर लागतो का, हा प्रश्न त्यांना एकदाही पडला नाही, कारण तो लागत नाही हे कायद्यातच स्वच्छ लिहिलेले आहे. दीड लाखाच्या वर चुकून भरले तर जादा रकमेवर व्याज नाही आणि ती परत. ६ टक्क्यांची टांगती तलवार नाही. मी मोठ्या उत्साहाने त्यांना आपल्याकडची पद्धत किती सरळ आहे ते सांगू लागलो, तेव्हा त्यांनीच मला आठवण करून दिली की पोस्टातले तेच खाते बँकेत न्यायला त्यांना सात हेलपाटे पडले होते आणि शेवटी धनादेश नमुना सहीसह टपालाने गेला होता. “बोनस राहू दे, साधा चहा कोणी विचारला नाही,” असे ते म्हणाले. माझी दोन्ही खाती फोनवर चार वेळा बोट टेकवून हलली होती. त्यावर मी काही बोललो नाही.

मग त्यांनी त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला. परत आलास तर याचे काय? त्याचीही तयारी मी केली होती. २०२१ च्या वित्त अधिनियमाने कलम ८९-अ आणले. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा येथील निवृत्तीखात्यांतल्या कमाईवर भारतात दरवर्षी कर न लावता, त्या देशात पैसे काढताना कर लागेल त्या वर्षी तो लावण्याचा पर्याय परतणाऱ्याला मिळतो, त्यासाठी वेगळा फॉर्म भरावा लागतो. पारंपरिक खाते यात नीट बसते. रॉथवर इथे काढतानाही कर नाही, आणि ज्या खात्यावर काढताना कर लागतो त्यासाठीच ही सवलत लिहिलेली असल्यामुळे रॉथ त्या व्याख्येत सहज शिरत नाही. म्हणजे इथे जे ६४० डॉलर जास्त सुदैवी, तेच सांगलीत जास्त अडचणीचे ठरायचे.

बाबांनी हे शांतपणे ऐकले आणि बोनस खात्यात किती दिवस ठेवायचा आहे ते विचारले. ऑगस्ट २०२९ पर्यंत, असे मी सांगितले. त्यांनी ती तारीख डायरीत लिहून घेतल्याचा आवाज मला फोनवर ऐकू आला, आणि त्यानंतर आईने फोन हातात घेऊन पहिलेच वाक्य उच्चारले ते असे, “म्हणजे एकोणतीसच्या गणपतीला तू येतोयस, असं हे म्हणतायत.”