तुम्ही विचारलंत म्हणून: हे सगळं खरंच आवडतं का?

डिसेंबर लागला की मी वर्षातल्या नव्या अल्बमची यादी करून ओळखीच्यांना व्हॉट्सॲपवर टाकते, आणि यादी गेली की हा प्रश्न येतोच. ताई, मेटल, गझल, रॅप, जॅझ, हे सगळं तुम्हाला खरंच आवडतं, का आपलं दाखवायला? लग्नाच्या पंगतीत विचारतात, गोकुळपेठच्या बाजारात मेथीची जुडी हातात असताना विचारतात. सावजी खाणाऱ्याला श्रीखंड कसं चालतं असं कोणी विचारत नाही, मग मलाच काऊन?

आवडतं. ब्लडीवूड या दिल्लीच्या मेटल बँडच्या 'नू दिल्ली'त (2025) ढोल आणि गिटार एकदम अंगावर येतात ते आवडतं, गायिका अरूज आफताबचा 'नाइट रेन' (2024) भांडी आवरून झाल्यावर लावते तोही आवडतो, आणि रोसालिया एवढी पॉप स्टार असून 'लक्स'मध्ये लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा घेऊन डझनभर भाषांत गाते, त्यातल्या बहुतेक मला कळत नाहीत, तरी आवडतं. झालं?

कॉलेजात असताना मी नागपूरच्या मे महिन्यात, 45 डिग्रीत, काळा टीशर्ट घालून फिरायची आणि मेटल सोडून बाकी सगळं भंगार म्हणायची. ती पोरगी आज भेटली तर म्हणेल, तू तर सगळ्यालाच हो म्हणून राहिली बे, तुझं स्वतःचं काही आहे का नाही? मी म्हणीन, तुला तरी मेटल आवडायचं का मेटलवाली असणं आवडायचं? ती काही चूप बसणारी नाही.

आता काकांचं सांगूनच टाकते. नागपूरच्या महाल भागात आमच्या जुन्या घराशेजारी एक काका बासरी शिकवतात. 2023 च्या नोव्हेंबरात आंद्रे थ्री थाउजंडचा 'न्यू ब्लू सन' आला आणि मी वेडी व्हायची बाकी होते. आउटकास्ट या अमेरिकन रॅप जोडीतला रॅपर, लोक वर्षानुवर्षं त्याच्या रॅपची वाट बघून राहिले, आणि याने आणला काय तर 87 मिनिटांचा बासऱ्यांचा अल्बम, रॅपचा एक शब्द नाही. पहिल्या ट्रॅकचं नावच असं की मला खरंच रॅप अल्बम करायचा होता पण वारा इकडे घेऊन आला. म्हटलं, हे काकांना ऐकवायलाच पाहिजे.

स्पीकर घेऊन गेले. तो पहिला ट्रॅकच 12 मिनिटांचा. काका डोळे मिटून बसले, हात मांडीवर, आणि मधूनच एखादं बोट उचलायचे, भोक उघडल्यासारखं. काकू चहा घेऊन आल्या तर त्यांना हातानेच थांबवलं. मी मनात खुश. संपल्यावर म्हणाले, "फुंक शोधून राहिला अजून. पण प्रामाणिक आहे." मग बासरी पुसायच्या फडक्याची घडी घालत, आवाज न चढवता, "आपल्या गुरुपौर्णिमेला तो पोरगाही असाच शोधत होता, तेव्हा तू उठून गेली. हा कोण आहे हे माहीत नसतं तर बसली असती काय बारा मिनिटं?"

त्या गुरुपौर्णिमेला मला घरी लवकर जायचं होतं, खरंच होतं. पण काकूंसमोर ते तोंडातून निघेना. चहा गार झालेला, तोच प्यायले आणि निघाले.

रस्ताभर चिडचिड झाली. मनात म्हटलं, काका, तुम्ही स्वतः वसंतराव देशपांड्यांचं नाव निघालं की आधी कानाला हात लावता, सूर नंतर ऐकता, मग मी नाव बघितलं तर काय बिघडलं? पुढे तो अल्बम ग्रॅमीच्या अल्बम ऑफ द इयरच्या नॉमिनेशनमध्ये आला तेव्हा धावत जाऊन "बघा" म्हणायचं होतं, पण मग लक्षात आलं की हे तर काकांच्याच बाजूचं झालं.

मग एका डिसेंबरात नुसत्या लिंका पाठवल्या, नाव नाही, गोष्ट नाही, काही नाही. कोणी उघडल्याच नाहीत! एकाने विचारलं व्हायरस आहे का म्हणून. त्यात गायिका गणव्याचा 'डॉटर ऑफ अ टेम्पल' (2024) होता, माझ्या मते त्या वर्षातला सगळ्यात सुंदर. शेवटी लिहिलं की बाबांनो, ह्यात जॅझवाली एस्पेरान्झा स्पॉल्डिंग आहे, जॅझ पियानोवाला विजय अय्यर आहे, सगळे ह्यूस्टनला जमून गायले-वाजवले, तेव्हा कुठे लोकांनी ऐकला आणि "क्या बात है" आलं. तर गोष्ट सांगितली तर दाखवते, नाही सांगितली तर व्हायरस.

'न्यू ब्लू सन' मी यादीतून काढलेला नाही आणि काढणारही नाही. नाव माहीत नसतं तर बसले असते का? कधी वाटतं हो, कधी वाटतं चौथ्या मिनिटाला फोन काढला असता. तो पोरगा अजून वाजवतो म्हणे. यंदाच्या गुरुपौर्णिमेचं काकांचं बोलावणं आलं होतं, पण नेमका मला ताप होता, आता हेही तुम्हाला कारणच वाटेल.