बाबागाडी निवडताना: आधी बाळाची पाठ, मग जिना, मग चाकं

बाबागाडीच्या खोक्यावर ‘जन्मापासून’ असं छापलेलं दिसलं की बरेच जण निर्धास्त होतात आणि कापडाचा रंग निवडायला लागतात. पण ती गाडी नवजात बाळाला नक्की कशी झोपवते, हे तिच्याशेजारी उकिडवं बसून बाजूने पाहिल्याशिवाय कळत नाही.

नवजात बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं आणि मान धरायला तीन-चार महिने जातात. अर्धवट बसतं ठेवलं की ते डोकं हळूहळू पुढे कलतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट चिंचोळी होते. मोठं माणूस झोपेतही मान सावरून घेतं, बाळाला ते जमत नाही. शिवाय ते रडेलच असंही नाही. वरून पाहणाऱ्याला शांत झोपलेलं बाळ दिसतं. म्हणून पहिल्या सहा महिन्यांसाठी मी एकाच अटीवर अडून बसेन: पाठ सपाट हवी. बाबागाड्यांसाठी युरोपात ‘ईएन १८८८’ हे मानक आहे. त्यात पाठ आणि बैठक यांच्यातला कोन १५० अंशांपेक्षा कमी असलेली बैठक सहा महिन्यांखालच्या बाळासाठी चालत नाही. पूर्ण सपाट म्हणजे १८० अंश. १५० ही किमान मर्यादा झाली, आपण जितकं १८० च्या जवळ जाऊ तितकं बरं.

पाठ शेवटपर्यंत खाली करा आणि जिथे बैठक संपून पाठ सुरू होते, तिथे तळहाताने दाबा. आत कडक फळी असेल तर हात टेकतो. नुसतं ताणलेलं कापड असेल तर तिथे झोळी पडते, बाळाचे ढुंगण त्या झोळीत उतरतं आणि गाडी कितीही सपाट दिसली तरी बाळाचं अंग मधोमध मुडपतं. पट्टी ओढून पाठ वर-खाली करायच्या हलक्या गाड्यांमध्ये हे फार दिसतं.

कॅरीकॉट, म्हणजे फ्रेमवर बसणारा उथळ पाळणा, या बाबतीत सगळ्यांत चांगला. तळ सपाट, गादी पातळ आणि कडक, चारी बाजू बंद. गादी आणि भिंत यांच्यात फट नको. वरून जाड, मऊ गादी घालायचा मोह टाळा, त्यात तोंड रुतू शकतं. उशीही नको. बाळ कुशीवर वळायला लागलं, हातांवर रेटा देऊन उठू लागलं किंवा पाळण्यावर लिहिलेली वजनाची मर्यादा गाठली (बहुतेक ९ किलो) की त्याचा उपयोग संपतो, म्हणजे साधारण पाच-सहा महिन्यांत. एवढ्याशा काळासाठी तो घ्यावा का? रोज तासभर पायी फिरणं होणार असेल तर घ्यावा, असं माझं मत. लिफ्ट लहान आणि फिरणं कमी असेल तर पूर्ण सपाट होणारी एकच बैठक पुरते.

फ्रेमवर खटकन बसणारी कारची सीट मात्र पाळणा नव्हे. तिचा अर्धवट बसका आकार अपघातात बाळ वाचवण्यासाठी आहे. टॅक्सीतून उतरून दारापर्यंत जाण्यापुरती ती फ्रेमवर ठीक, पण पोहोचल्यावर झोपलेल्या बाळालाही उचलून सपाट जागी ठेवायचं. जागं होईल म्हणून तसंच राहू देणं हीच यातली नेहमीची चूक.

आता घराकडे वळू. गाडी बघायला जाण्याआधी टेप घ्या आणि लिफ्टच्या दाराची रुंदी, लिफ्टची आतली खोली, घराचं दार, जिन्याचं वळण आणि डिकी मोजून कागदावर लिहा. एका बाळाच्या गाडीची रुंदी मागच्या चाकांपाशी साधारण ५० ते ६० सेंटिमीटर असते आणि उघडी असताना लांबी मीटरभर. लिफ्टमध्ये या मीटरभर गाडीच्या मागे तुम्हालाही उभं राहायचं आहे, हे मोजताना विसरलं जातं. जुळ्यांची शेजारी-शेजारी बैठकींची गाडी ७५ सेंटिमीटरच्या आसपास जाते, तिथे आधी दारच बघावं लागतं. घडी केल्यावर ओली चाकं घरात कुठे टेकवणार, तेही ठरवून ठेवा.

आणि जिना. पाळण्यासकट मोठी गाडी १० ते १४ किलोची असते, आटोपशीर गाडी ६ ते ८ किलोची. १२ किलोची गाडी, सहा महिन्यांचं ७ किलोचं बाळ आणि खालच्या टोपलीत २ किलोचं सामान मिळून २१ किलो होतात. लिफ्ट बंद पडलेल्या दिवशी हे ओझं कोण उचलणार? एकट्याने बाळासकट गाडी जिन्यावरून न्यायचीच नाही. बाळ अंगावरच्या झोळीत किंवा कडेवर आणि घडी केलेली गाडी दुसऱ्या हातात, एवढं जमत असेल तरच ती गाडी जिन्याच्या घरासाठी योग्य. दोघं मिळून उचलत असाल तर फ्रेमच्या नळीला धरा. बाळापुढचा आडवा दांडा धरून कधीही उचलू नका. तो खटक्यावर बसवलेला असतो, ऐन वजनात निसटू शकतो.

हलक्या छत्री-घडीच्या गाडीचं मूळ विमानात आहे. स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या घडीवर काम केलेले ब्रिटिश अभियंते ओवेन मॅक्लारेन यांनी १९६५ मध्ये ॲल्युमिनियमच्या नळ्यांची ही रचना केली. बसमध्ये चढताना एका हाताने मिटता येणारी गाडी, हा तिचा मोठेपणा आजही खरा आहे. उणिवाही त्याच रचनेतून येतात. दोन सुटी हँडलं असल्याने एका हाताने सरळ ढकलता येत नाही, चाकं लहान असतात, आणि पाठ बहुधा पुरती सपाट होत नाही. त्यामुळे ती सहा महिन्यांनंतरची, दुसरी गाडी म्हणून उत्तम.

चाकांवर दुकानात कोणी फारसं बोलत नाही, कारण गुळगुळीत फरशीवर प्रत्येक गाडी लोण्यासारखी धावते. शहरातला फुटपाथ वेगळा. उखडलेली फरशी, गटाराची जाळी, दर शंभर पावलांवर एक उतार-चढ. ३ सेंटिमीटर उंचीच्या कडेवर चाक नुसतं रेटून चढवायचं झालं, तर १५ सेंटिमीटर व्यासाच्या चाकाला त्याच्यावरच्या भाराच्या सव्वा पटीहून जास्त जोर लागतो. २८ सेंटिमीटरच्या चाकाला साधारण पाऊण पट पुरतो. म्हणूनच लहान चाकाची गाडी कडेला अडते, मागून जोर तसाच येत राहतो आणि गाडी नाकावर उलटू पाहते. रोजचा रस्ता खडबडीत असेल तर पुढची चाकं किमान १८-२० सेंटिमीटरची आणि मागची त्याहून मोठी बघा.

हवेचे टायर धक्के सगळ्यांत चांगले गिळतात, पण पंक्चर होतात, आणि पंप व टायरवर छापलेला दाब सांभाळावा लागतो. घट्ट फोम भरलेले टायर शहरासाठी मधला मार्ग. कडक प्लॅस्टिकची चाकं प्रत्येक खडा बाळाच्या पाठीपर्यंत पोहोचवतात. पुढची चाकं गरकन फिरणारी हवीत आणि त्यांना सरळ अडकवणारा खटकाही हवा. खडी किंवा उखडलेल्या रस्त्यावर तो लावला नाही तर चाकं थरथरतात आणि आडवी होऊन रुततात. जाळीवरून जाताना फटींना काटकोनात जा. फटींच्या दिशेने गेलात तर फिरतं चाक वळून नेमकं फटीत बसतं. ट्रामच्या रुळांनाही हाच नियम. तीनचाकी गाडी वळायला छान, पण एक मागचं चाक फुटपाथवर आणि एक खाली अशा तिरक्या चढावर ती चारचाकीपेक्षा लवकर कलंडते.

फुटपाथ चढताना हँडल खाली दाबून पुढची चाकं उचला, कडेवर टेकवा, मग मागची ढकला. उतरताना पाठमोरं होऊन मागची चाकं आधी उतरवा. आणि रस्ता ओलांडताना एक लक्षात ठेवा: तुमच्या पायांपासून गाडीचं टोक जवळजवळ मीटरभर पुढे असतं. दोन उभ्या मोटारींच्या मधून वाकून बघायला गेलात, तर तुम्हाला रस्ता दिसायच्या आत बाळ रस्त्यावर आलेलं असतं. मोटारींच्या मधून ओलांडूच नका. सिग्नलला कडेपासून दोन पावलं मागे थांबा.

मागे थांबण्याचं आणखी एक कारण म्हणजे धूर. मोटारींचे धुराचे नळकांडे जमिनीपासून मीटरभराच्या आत असतात आणि गाडीतल्या बाळाचं नाक साधारण ५५ ते ८५ सेंटिमीटरवर. इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये याच उंचीकडे बोट दाखवलं होतं. उंच फ्रेमवरचा पाळणा इथेही उजवा ठरतो. शक्य असेल तर एक गल्ली आतून जा.

ब्रेक एकाच पेडलने दोन्ही मागची चाकं अडवणारा असावा आणि चपलेनेही सहज लागावा-सुटावा. बहुतेक ब्रेक म्हणजे चाकाच्या दातांमध्ये शिरणारी खुंटी. पेडल दाबलं आणि खुंटी नेमकी दाताच्या टोकावर आली, तर पाय म्हणतो ब्रेक लागला आणि चाक मोकळंच असतं. म्हणून पेडल दाबल्यावर गाडी दोन बोटं पुढे-मागे हलवा, ‘खट’ ऐकू आल्यावरच हात सोडा. ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. फलाटावर गाडी रुळांना समांतर उभी करा, तोंड रुळांकडे नको, आणि ब्रेक लावूनही एक हात हँडलवर राहू द्या. सरकत्या जिन्यावर तर गाडी न्यायचीच नाही, लिफ्ट शोधायची.

बैठक वापरायला लागलात की पाच ठिकाणी बांधणारा पट्टा हवा: दोन खांद्यांवर, दोन कमरेला, एक पायांमधून. खांद्याचे पट्टे खांद्यांच्या उंचीवर लावून घ्या. बांधल्यावर पट्टा आणि बाळ यांच्यात एक-दोन बोटं शिरावीत, मूठ नव्हे. पायांमधला पट्टा सोडून नुसता कमरेचा बांधला तर बाळ खाली सरकतं आणि पट्टा गळ्याशी येतो.

हँडलला पिशवी अडकवायची नाही. हे सगळे जण ऐकतात आणि सगळे जण अडकवतात, म्हणून कारण सांगते. हँडल मागच्या चाकांच्याही मागे असतं, म्हणजे पिशवीचं वजन गाडीला मागे ओढतं. नवजात बाळ तीन किलोचं आणि भाजीची पिशवी चार किलोची. चढावर किंवा हात सोडताच गाडी मागे झुकते. बाळाला उचलून घेतलंत की तोल धरणारं वजनही गेलं आणि गाडी धाडकन आपटते. सामान खालच्या टोपलीतच, टोपलीवर लिहिलेल्या वजनाइतकंच.

उन्हात हुडावर दुपटं टाकून पाळणा झाकतात, तेही नको. पातळ मलमलसुद्धा वारा अडवते, आतली हवा कोंडून थोड्याच वेळात तापते, आणि बाळ दिसेनासं होतं ते वेगळंच. खाली उतरणारा हुड, जाळीची खिडकी आणि फ्रेमला लावायची छोटी छत्री हे खरे उपाय. बाळाला गरम होतंय का, ते मानेच्या मागे हात लावून बघा. हातापायांवरून कळत नाही. पावसाचं प्लॅस्टिक हवेची भोकं असलेलंच घ्या आणि दुकानात किंवा बसमध्ये शिरताच काढा.

घडीचे सांधे बोटांचे वैरी आहेत. २००९ मध्ये अमेरिकेत छत्री-घडीच्या सुमारे १० लाख गाड्यांसाठी सांध्यांची आवरणं द्यावी लागली, कारण उघडताना मुलांच्या बोटांची टोकं तुटल्याच्या तक्रारी होत्या. गाडी उघडता-मिटताना मूल हाताच्या अंतरावर नको. उघडल्यावर दोन्ही कुलपं बसल्याचा आवाज ऐका आणि बाळ ठेवण्याआधी हँडल एकदा जोरात खाली दाबून बघा.

दुकानात जाताना बरोबर पाच-सहा किलोचं काहीतरी घेऊन जा. रिकामी गाडी काहीच सांगत नाही. वजन ठेवून एका हाताने ढकला, आठचा आकडा काढा, उंबऱ्यावरून न्या. मग दुसऱ्या हातात पर्स किंवा बाहुली धरून घडी घाला. हँडल बेंबीच्या आसपास यावं, कोपर किंचित वाकलेलं. घरातल्या दोन माणसांच्या उंचीत फरक असेल तर वर-खाली होणारं हँडल घ्याच, नाहीतर एकाची कंबर धरते आणि पावलं मागच्या दांड्यावर आपटतात.

वापरलेली गाडी घ्यायला हरकत नाही. रिकामी उचलून हलवा: सांध्यांत खुळखुळ नको. वेल्डिंगपाशी रंगाला केसासारखी चीर असेल तर घेऊ नका. ब्रेकच्या दातांची टोकं झिजून गोल झालीत का ते बघा, बकल दहा वेळा लावून-काढून पाहा, आणि पाळण्याची गादी नवीच आणा, तीही त्याच मापाची.

दर महिन्याला चाकं काढा. आसाभोवती केस, दोरे आणि माती गुंडाळलेली सापडतील. गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा चाक कुरकुरत असेल तर कारण बहुधा हेच असतं. कात्रीने केस कापून काढा, कोरड्या फडक्याने पुसा आणि सिलिकॉनचा फवारा मारा. खाण्याचं किंवा मशीनचं तेल घालू नका, त्यावर धूळ चिकटून लुकणासारखा थर होतो. पावसातून आल्यावर हुड उघडा ठेवून गाडी पूर्ण वाळू द्या. ओली मिटून ठेवलीत तर दोन दिवसांत हुडाच्या घड्यांमध्ये बुरशीचे काळे ठिपके येतात, आणि ते धुऊन जात नाहीत.