कोण बघतंय!

"ताई, आधार व्हॉट्सॲप करा, लगेच प्रिंट देतो." मेहेर सिग्नलजवळचं झेरॉक्सचं दुकान. पाठवलं.

पोरानं डाउनलोड्स उघडलं आणि समोर रांगच. कुणाचं पॅन, कुणाचं पासबुक, एका आजींचा हयातीचा दाखला. सगळ्यात वर मी.

"डिलीट कर ना रे," म्हटलं तर हसला. "कोण बघतंय ताई!"

व्हॉट्सॲप 2016 पासून एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहे, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून मधलं कुणी वाचू शकत नाही, पण ते कुलूप वाटेपुरतंच. 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या 9 न्यायमूर्तींनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा सरकारनं फोनमध्ये डोकावू नये म्हणून मी इथंच तावातावानं लिहिलं होतं. आणि आज दहा रुपयांच्या प्रिंटसाठी...

शेवटी डिलीट करून घेतलं. रिसायकल बिन रिकामा केला का, ते बघायला उद्या परत जाऊ?