राणी कलरची झूल कुठे गेली

तान्ह्या पोळ्याचं (पोरं लाकडी बैल मिरवतात तो आपला विदर्भातला सण) ते अल्कोहोल मार्करने रंगवलेलं चित्र मी दोन वर्षांपूर्वी मावशीला दिलं होतं. ए-फोर आकाराचा मार्कर पेपर, त्यावर मावसभावाचा पोरगा लाकडी नंदीबैलाची दोरी ओढत चाललेला, आणि बैलाच्या पाठीवर राणी कलरची झूल. झुलीवरच तीन रात्री गेल्या होत्या. गुलाबीचे तीन थर, घडीत जांभळा, कडेला पिवळे गोंडे. मावशीने हौसेने फ्रेम करून नागपुरात त्रिमूर्तीनगरच्या घरी हॉलमध्ये लावलं, बाल्कनीच्या बरोबर समोर. बाल्कनी पश्चिमेची.

गेल्या दिवाळीत फराळाला गेले तर बैलावर झूलच नाही. रेघा होत्या, गोंडे होते, आत मळक्या सायीसारखा काहीतरी रंग. मी विचारलं, "मावशी, हे काय झालं?" तर म्हणते, "काय झालं? अगं, मला तर वाटलं तू पांढरीच झूल काढली होती."

झुलीपेक्षा मला पोराचा चेहरा जास्त लागला. गव्हाळ रंगाखाली सावलीसाठी मी फिका जांभळा देते, आपल्या मार्करवाल्यांतले बरेच जण देतात. ती सावलीच उडून गेली होती. गालाचा उठाव गेला, हनुवटीखालचा अंधार गेला, उरला तो पोळीसारखा सपाट चेहरा. सगळं चित्र सारखंच फिकं झालं असतं तर एवढं वाईट वाटलं नसतं. इथे आकाश जागेवर, पानं जागेवर, आणि जांभळा-गुलाबी तेवढा गायब. दोन वर्षांत ते माझं चित्रच राहिलं नव्हतं.

तेव्हा ठरवलं की आपल्या संचातला कोणता रंग किती पाण्यात आहे ते बघायचं. १० जानेवारीला पट्ट्या लावल्या. ही नोंद जूनअखेरपर्यंतची आहे.

पट्ट्या

साठ मार्करच्या संचातले रोजच्या वापरातले ३६ घेतले. प्रत्येकाचे दोन चौकोन, एक एका थराचा, शेजारी तीन थरांचा. दोन्हींवरून पिगमेंट शाईच्या पेनाने एक काळी रेघ. अर्धी पट्टी काळ्या कार्डशीटने आणि वरून पोळ्या गुंडाळायच्या फॉइलने झाकली, म्हणजे तोच रंग, तोच कागद, अर्धा उजेडात नि अर्धा अंधारात. अशा चार पट्ट्या: दक्षिणेच्या खिडकीत काचेच्या आतून, पश्चिमेच्या खिडकीत तशीच, हॉलच्या आतल्या भिंतीवर, आणि कपाटात साड्यांखाली.

रंग किती टिकतो हे मोजायला ब्लू वूल नावाचं कार्ड मिळतं. त्यावर लोकरीच्या आठ निळ्या पट्ट्या असतात. पहिली सगळ्यात आधी विटते, आठवी सगळ्यात शेवटी, आणि प्रत्येक पट्टी साधारण आधीच्या पट्टीच्या दुप्पट टिकते. आपला रंग कोणत्या पट्टीबरोबर गेला ते बघायचं. मी ते मागवलं नाही, घरातलीच हळद घेतली. वरणाचा डाग साबणाने लाल होतो पण जात नाही, आणि तोच कपडा दोन दिवस उन्हात टाकला की डाग शोधावा लागतो, हे आईने शाळेच्या शर्टावर शिकवलेलं. हळदीचा रंग उजेडाला इतका कच्चा असतो की त्याचं कापड म्हणजे आयतं मीटर. हळदीच्या पाण्यात बुडवलेल्या मांजरपाटाचा एकेक तुकडा प्रत्येक पट्टीशेजारी टाचला. हळद किती दिवसांत उडाली त्यावरून तिथे किती उजेड पडतो याचा अंदाज येतो.

पहिल्या महिन्यात एक गाढवपणा केला. दर रविवारी मोबाइलवर फोटो काढत गेले. कधी ट्यूबलाइटमध्ये, कधी खिडकीशी. मोबाइल प्रत्येक वेळी पांढरा रंग आपल्या मनाने ठरवतो, त्यामुळे तिसऱ्या आठवड्याचा गुलाबी पहिल्यापेक्षा गडद दिसायला लागला. ते सगळे फोटो वाया. आता स्कॅनरवर, त्याची रंगसुधारणा बंद करून, आणि झाकलेली बाजू त्याच स्कॅनमध्ये घेऊन. निऑन रंग मात्र स्कॅनरला कळतच नाहीत, ते डोळ्यांनीच बघावे लागतात.

असं का होतं

थोडक्यात लिहिते, कारण "महागडे घ्या, मग उडत नाहीत" हा गैरसमज आपल्यात फार आहे. अल्कोहोल मार्करमध्ये रंग म्हणजे डाय, पाकात साखर विरघळावी तसा अल्कोहोलमध्ये पूर्ण विरघळलेला. म्हणून तर दोन रंग एकमेकांत इतके लोण्यासारखे मिसळतात: दुसऱ्या थरातलं अल्कोहोल पहिल्याला पुन्हा विरघळवतं. पण कागदात मुरला की त्या डायचा रेणू नि रेणू उजेडाला उघडा पडतो. प्रकाश, विशेषतः अतिनील, त्या रेणूतली रंग देणारी साखळी तोडतो आणि हवेतला ऑक्सिजन उरलेलं काम करतो. पिगमेंटमध्ये रंगाचे कण असतात. कणाचा वरचा पापुद्रा गेला तरी आतला रंग शाबूत राहतो. माझ्या चारही पट्ट्यांवर पिगमेंट पेनाची ती काळी रेघ आजही जशीच्या तशी आहे. मावशीच्या चित्रातही रंग गेला नि रेघ राहिली, ती त्यामुळेच.

मुळात हे मार्कर भिंतीसाठी जन्मलेच नाहीत. कॉपिक या नावाजलेल्या कंपनीचे मार्कर १९८७ मध्ये जपानमध्ये आले ते डिझायनर आणि कॉमिकवाल्यांच्या टेबलावर. चित्र छापायला द्यायचं आणि मूळ कागद फायलीत ठेवायचा. तिथे रंग दहा वर्षांनी विटला काय नि न विटला काय.

जुन्या रंगाऱ्यांची "कच्चा रंग, पक्का रंग" ही विभागणी मला यासाठी बरोबर वाटते. फक्त मार्करच्या नळीवर कच्चा की पक्का ते लिहिलेलं नसतं. वॉटरकलरच्या चांगल्या ट्यूबवर पिगमेंटचा क्रमांक असतो. पीआर १२२ दिसलं की गुलाबी टिकाऊ, पीआर ८३ दिसलं की तो लाल उजेडात जाणार. मार्करमध्ये अशी सोय नाही, म्हणून ज्याने त्याने आपल्या संचाची पट्टी लावायची.

जानेवारी ते एप्रिल

दक्षिणेच्या खिडकीने जानेवारीतच धक्का दिला. निऑन गुलाबी नवव्या दिवशी मेला. फिका जांभळा, एक थराचा, तिसऱ्या आठवड्यात कागदासारखा. राणी कलर आधी पीच झाला, मग मावशीच्या झुलीची ती ओळखीची साय. तीन थरांचे चौकोन जरा जास्त टिकले, पण शेवटी त्याच वाटेने गेले.

सगळ्यात फसवे निघाले करडे. थंड करड्याला मी भरवशाचा मानायचे. तो मार्चमध्ये गुलाबीकडे झुकला. एक गडद तपकिरी हळूहळू नारिंगी होत गेला, जवळजवळ संत्राबर्फीच्या रंगावर आला. हे रंग दोन-तीन डाय मिसळून केलेले असतात. त्यातला एक आधी जातो आणि उरलेले बाहेर येतात. काळा मार्करसुद्धा तसाच, कडेने जांभळट-तपकिरी दिसायला लागलाय. म्हणजे फिका पडलेला गुलाबी निदान गेल्याचं कळतं. हे करडे-तपकिरी न सांगता दुसरेच होऊन बसतात.

टिकले ते नीलहिरवे. मोरपंखी, आकाशी, आणि एक मळका हिरवा. फॉइल काढून बघितलं तर झाकल्या-उघड्याची सीमा नीट शोधावी लागते. पिवळ्यांमध्ये लिंबू बरा, केशरी-पिवळा बेताचा.

मार्चमध्ये एका कामासाठी नागपूरच्या महाल भागात गेले होते, तर चितारओळीत, म्हणजे मूर्तिकारांच्या गल्लीत, डोकावले. तिथले एक काका एका मूर्तीला हात देत बसले होते. त्यांना विचारलं, कोणता रंग आधी जातो? वर न बघता म्हणाले, "गुलाबी. पहिले गुलाबीच जाते ताई. आम्हाले काय, देवी नऊ दिवस बसते, तेवढं तर टिकते." माझ्या तीन महिन्यांच्या पट्ट्या त्यांनी एका वाक्यात उरकल्या.

मे: जिथे मी चुकले

मनात पक्कं होतं की नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) आला की दक्षिणेची खिडकी सगळे रंग चाटून पुसून खाणार. १ मेला तिथे मुद्दाम नवी कोरी पट्टी लावली. बाहेर ४५, कूलरची वाळ्याची टट्टी दुपारी दोनदा भिजवावी लागत होती, आणि पट्टी? २० दिवसांनी राणी कलर जेमतेम उतरलेला. हळदीचा तुकडाही बऱ्यापैकी पिवळा. जानेवारीत हीच हळद चार दिवसांत गेली होती.

दोन दिवस डोकं खाजवलं. मग दुपारी बारा-सव्वाबाराला गच्चीवर कपडे वाळत टाकताना माझीच सावली पायात गोळा झालेली दिसली. नागपूर २१ अंश उत्तरेला. २६ मेच्या आसपास दुपारी सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो, त्या दिवशी शून्य सावली. पुढे जुलैच्या मध्यापर्यंत तो दुपारी थोडा उत्तरेकडेच असतो. दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन येणार कुठून? ते येतं हिवाळ्यात, जेव्हा सूर्य खाली उतरून खोलीत पार आतपर्यंत शिरतो आणि आपण खुर्ची टाकून ऊन खात बसतो. मेमध्ये मार खाते ती पश्चिमेची खिडकी. तिथली पट्टी बघवत नाही. मावशीची बाल्कनीही तिकडचीच.

उकाड्याने रंग जातो हा समजही याच महिन्यात मोडला. कपाटातली पट्टी त्याच ४०-४२ अंशांत साड्यांखाली शिजत होती, तिचा एकही चौकोन हललेला नाही. कूलरच्या ओलीने भिंतीवरची पट्टी मात्र वाकून पापडासारखी झाली. (गरमीचा त्रास मार्करांना होतो तो वेगळा. झाकण उघडताच निबातून शाईचा टपोरा थेंब स्केचबुकवर पडला. दोन्हीकडे टोक असलेले मार्कर आडवेच ठेवा, आणि मेमध्ये खालच्या कप्प्यात.)

एक हिशोब करून बघितला. उजेड लक्समध्ये मोजतात, आणि संग्रहालयात कागदावरच्या चित्रांसाठी ५० लक्सची मर्यादा पाळतात. दिवसाला ८ तास धरले तर ४०० लक्स-तास. थेट ऊन साधारण १ लाख लक्स. म्हणजे गच्चीवरचा एक तास बरोबर संग्रहालयातले २५० दिवस, आणि त्यात गच्चीवरचं अतिनील अजून धरलेलंच नाही. त्या दिवशी मी फ्रेमवाल्याला अतिनील अडवणाऱ्या काचेचा भाव विचारणार होते. विचारला, पण उत्साह नव्हता. ती काच अतिनील बरंच थांबवते, दिसणारा उजेड आत येतोच, आणि गुलाबी-जांभळ्याला तो पुरतो.

फिक्सेटिव्हचाही, म्हणजे चित्रावर फवारायच्या संरक्षक थराचाही, प्रयोग झाला. एका जादा पट्टीवर फवारलं, त्यातल्या सॉल्व्हंटने रंग पुन्हा ओले होऊन चौकोनांच्या कडा शेजाऱ्यात घुसल्या. चित्रावर मारलं असतं तर रडले असते.

जून: दुसरी झूल

नवं चित्र काढलं. या वेळी जाड ब्रिस्टल कागद, कारण झूल मार्करची नाही. ती वॉटरकलरची, पीआर १२२. मार्करची मऊ सरमिसळ तिला येत नाही, ब्रशची कड दिसते, आणि खरं सांगायचं तर मला ती आवडली. चेहऱ्याच्या सावलीला फिका जांभळा सोडून पट्टीवर टिकलेला फिका नीलहिरवा घेतला. गव्हाळ रंगाखाली तो आधी भयानक दिसतो, पोराला कावीळ झाल्यासारखा. दोन थर चढले की शांत होतो. हनुवटीखाली मी थोडा जास्तच दाबला, तिथे अजून हिरवट झाक आहे. करडे पूर्ण टाळले. बैलाच्या पायाखालची सावली आकाशी आणि मळक्या हिरव्याची.

मावशीला म्हटलं, याचा पिगमेंट शाईचा चांगला प्रिंट काढून देते, तो लाव आणि मूळ चित्र माझ्याकडे राहू दे. तर लगेच, "काहून? मावशीला झेरॉक्स देते का तू?" पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. मूळ चित्रच दिलं. बोलणं झालं ते जागेवरून. हॉलमधली तिची ती भिंत ठरलेली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायला पाहिजे. मी मोबाइलवर लक्स मोजून दाखवले, तिने चष्मा लावून आकडे बघितले आणि म्हणाली, "पण तिथे घड्याळ कोण लावेल?" अर्ध्या तासाने घड्याळ बाल्कनीसमोर गेलं नि चित्र देवघराजवळच्या बोळात. तिथे दिवसा ४० लक्स भरतात, संध्याकाळी बल्ब लावला की १२०.

फ्रेमच्या मागच्या बाजूला, पुठ्ठ्याच्या आत, चित्रात वापरलेल्या सगळ्या रंगांची एक पट्टी चिकटवली आहे, तारीख टाकून. पोळ्याला फ्रेम उघडून पुढचं-मागचं शेजारी धरून स्कॅन करेन. पश्चिमेच्या खिडकीत आज हळदीचा पाचवा तुकडा लावला. ढग आहेत, बघू किती दिवस काढतो.