गाणं न शिकता गाणं कळतं कसं? तुम्ही विचारलंत म्हणून

अगं, तू क्लासला कधी गेली नाहीस, घरात कुणी गाणारं नाही, मग हा राग मारवा आणि हा पुरिया हे तुला कळतं कसं, आणि आम्हाला ऐकायचं असेल तर सुरुवात कुठून करायची? हे मला ऑफिसमध्ये, नात्यात, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे विचारतात. घाईत दिलेल्या उत्तराने कुणाचंच समाधान होत नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, "काही कळायची गरज नाही, नुसता आनंद घ्या" असं जे सगळे सांगतात ना, ते मला अजिबात पटत नाही. पहिल्या दिवशी ठीक आहे, पण पुढे काय चाललंय याचा पत्ता नसेल तर माणूस दहाव्या मिनिटाला मोबाइल काढतो, आणि मग "शास्त्रीय आपल्यासाठी नाही" म्हणून कायमचं सोडून देतो. थोडं कळलं की गोडी वाढते, खूप वाढते, आणि तेवढं कुणाचा गंडा न बांधताही, म्हणजे रीतसर शिष्य न होताही कळतं.

मराठी माणसाला तर बरंचसं आधीच येत असतं. आजी-आजोबांच्या घरी नाट्यगीतं वाजली असतील तर झालंच. १९१६ सालचं संगीत स्वयंवर घ्या, चाली भास्करबुवा बखल्यांच्या, गायले बालगंधर्व, आणि त्यात 'नाथ हा माझा' यमनमध्ये, 'मम आत्मा गमला' बिहागमध्ये, 'सुजन कसा मन चोरी' भूपमध्ये. तीन मोठे राग कानात बसलेलेच आहेत की! मी एवढंच केलं, पद ऐकायचं आणि लगेच त्याच रागातला ख्याल, म्हणजे रागाचं सविस्तर गाणं लावायचा. 'सुजन कसा'नंतर किशोरीताई आमोणकरांचा भूप, आधी विलंबित, म्हणजे संथ लयीतलं 'प्रथम सुर साधे' आणि मग द्रुत, म्हणजे जलद 'सहेला रे'. सुरुवातीला या दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध आहे असं वाटतच नाही, पण तेच तेच ऐकत राहिलं की ते गंधारावर (ग) येऊन विसावणं ओळखीचं वाटायला लागतं आणि मग ते दोन्हीकडे दिसतं. तेच तेच, हे महत्त्वाचं. रोज नवा राग, रोज नवा कलाकार, प्लेलिस्ट पुढे पुढे ढकलत राहायची, याने नावं पाठ होतात, कान तयार होत नाही.

मग ताल. याचा कंटाळा करू नका, मी तर म्हणेन काही दिवस गाणाऱ्याकडे दुर्लक्ष करून फक्त तबला ऐका. तीनतालाच्या सोळा मात्रा, म्हणजे ठोके, बोटांवर मोजता येतात, नवव्या मात्रेला 'खाली' (जिथे टाळी न देता हात मोकळा सोडतात ती जागा) येते, तिच्यानंतर डग्ग्याचा, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या मोठ्या भांड्याचा घुमारा थोडा वेळ गायब होतो आणि तो परत आला की समजायचं सम, म्हणजे पुढच्या फेरीची पहिली मात्रा, जवळ आली. विलंबित एकताल अवघड वाटतो कारण मात्रा बाराच असल्या तरी एक आवर्तन, म्हणजे तालाची एक पूर्ण फेरी, कधी कधी पाऊण मिनिटाचंसुद्धा असतं. तिथे मला उपयोगी पडलेली खूण सांगते, 'तिरकिट' हा तबल्याचा भरभर वाजणारा बोल दोनदा येतो, चौथ्या आणि दहाव्या मात्रेला, आणि दुसऱ्या तिरकिटानंतर धी, ना, की सम. गाणारा कुठेही गेलेला असो, त्या दुसऱ्या तिरकिटाच्या आसपास मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, उचलतो आणि समेवर येतो. ती सम तुम्ही मनातल्या मनात त्याच्याबरोबर गाठलीत ना, की सगळं सभागृह एकदम "वाह" का म्हणतं ते कुणी सांगावं लागत नाही.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. मारवा, पुरिया आणि सोहनी या तीनही रागांत स्वर तेच, रिषभ (रे) कोमल म्हणजे थोडा उतरलेला, मध्यम (म) तीव्र म्हणजे थोडा चढलेला, बाकीचे शुद्ध आणि पंचम (प) नाहीच. तरी तीन वेगळी माणसं! मारव्यात सगळा भार रिषभ आणि धैवतावर (ध), आणि षड्ज (सा) इतका लांबणीवर टाकलेला की आता येईल मग येईल करत आपण ताटकळत बसतो, संध्याकाळची ती जी हुरहुर असते ना नेमकी तीच. उस्ताद अमीर खाँसाहेबांचा मारवा ऐका, किती संथ, झुमरा तालात, आणि षड्ज लागतो तेव्हा अक्षरशः सुटका झाल्यासारखं वाटतं. पुरिया गंधार-निषादाशी (ग आणि नी) बोलतो आणि खालच्या मंद्र सप्तकात रमतो. सोहनी थेट वरच्या षड्जाशी खेळते, चंचल, रात्र सरत आल्यावरची. हे मी आधी वाचलं होतं पण वाचून काही झालं नाही, तिन्ही एकामागोमाग ऐकत गेले तेव्हा उलगडलं. आणि ज्या दिवशी राग कोणता ते न बघता "अरे हा पुरिया!" असं झालं, त्या दिवशी मी लोकलमध्ये एकटीच हसत होते.

घराण्यांच्या, म्हणजे गायनाच्या वेगवेगळ्या परंपरांच्या, वादात सुरुवातीला पडू नका, ते आपोआप कळत जातं. विविधभारतीवरच्या संगीत सरितासारख्या कार्यक्रमांनी मला पुस्तकांपेक्षा जास्त दिलं. आणि लांबलचक ख्यालाची भीती वाटत असेल तर जुन्या ७८ आरपीएमच्या रेकॉर्ड ऐका, साडेतीन मिनिटांत सगळा राग. केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी तेवढीच आहे, आणि ती १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली!

लाइव्ह मात्र जरूर ऐका, छोट्या बैठकीत, जिथे तानपुरा माइकशिवाय ऐकू येतो. मोठ्या महोत्सवांचंही मला प्रेम आहे, पण १९५३ साली भीमसेनजींनी गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ सुरू केलेला सवाई महोत्सव पूर्वी रात्र रात्र चालायचा आणि आता लाउडस्पीकरच्या नियमामुळे दहाच्या, फार तर बाराच्या आत आटपावं लागतं, म्हणजे उत्तररात्रीचे राग त्यांच्या वेळेला समोर बसून ऐकणं जवळजवळ संपलंच, याचं मला खरंच वाईट वाटतं. सोहनी घरीच ऐकावी लागते.

तर या आठवड्यात भूप लावा, फक्त भूप, संध्याकाळी. पुढच्या आठवड्यात सकाळी देशकार लावा, पाच स्वर तेच आहेत, पण भार गंधारावरून धैवतावर गेलाय. फरक जाणवला की मला सांगा, नाही जाणवला तरी सांगा, आपण बरोबर बसून ऐकू.