‘उलटी गंगा’: भुताची भरपाई लिहून झाली, आता वाऱ्याच्या उलट पाठलाग

माझ्या पुस्तकाचा मधला भाग एकदाचा उभा राहिलाय. भुताचं प्रकरण पूर्ण आणि पाठलागाचं निम्म्याच्या पुढे. नवीन आलेल्यांसाठी पटकन सांगते, कॅप्टन नीराचं चाच्यांचं गलबत आहे ‘उलटी गंगा’, तिच्या मागावर आरमाराची अधिकारी झरीन आहे, दोघींचं एकमेकींवर प्रेम आहे हे अख्ख्या समुद्राला माहितीय फक्त त्या दोघींना सोडून, आणि जहाजावर एक भूत आहे ज्याला पैसे हवेत.

सुरुवातीपासून एक गोष्ट पक्की होती की या कथेत कोणाच्या क्विअर असण्यावर हसू येणार नाही. हसू येईल ते जहाजाच्या नियमांवर. आणि त्यासाठी खऱ्या चाच्यांनी इतकं सामान ठेवलंय की मला फार काही रचावंच लागत नाही. एक्सकेमेलिन नावाचा माणूस कॅरिबियनमधल्या चाच्यांसोबत वैद्य म्हणून राहिला होता, त्याचं पुस्तक १६७८ साली डचमध्ये छापलं गेलं, त्यात लढाईत जखमी होणाऱ्याला काय मिळणार याचं चक्क दरपत्रक आहे. उजवा हात गेला तर चांदीची ६०० नाणी, डावा हात ५००, उजवा पाय ५००, डावा पाय ४००, डोळा १००. (त्याच यादीत नाण्यांऐवजी गुलाम घ्यायचीही सोय होती, ती माझ्या जगात मी ठेवलेली नाही आणि ठेवणारही नाही.)

दुसरी गोष्ट मॅटलोताज. सतराव्या शतकात कॅरिबियनमधल्या तोर्तुगा बेटाच्या आसपासचे हे चाचे लोक दोघादोघांत करार करायचे, कमाई एकत्र, आजारपणात एकमेकांना बघायचं आणि एक मेला तर त्याचं सगळं दुसऱ्याला. सगळेच करार प्रेमाचे होते असं कोणी म्हणू नये, काही निव्वळ व्यवहाराचे असणारच, पण दोन पुरुषांनी आयुष्य एकत्र बांधायचा रीतसर कागद जहाजावर चालतो एवढं कळल्यावर मला माझी जोडी मिळाली. शंभू तोफा सांभाळतो, मिराज शिडं शिवायचा. मिराज वादळात गेला, करारानुसार त्याचा वाटा शंभूला मिळाला, आणि वर्षभराने मिराज भूत होऊन परत आला आणि थेट क्वार्टरमास्टरकडे, म्हणजे जहाजावर वाटे आणि हिशोब बघणाऱ्याकडे गेला.

तो सीन असा झालाय:

“दोन हात, दोन पाय, दोन डोळे. २२०० होतात.”
“मिराज, ती जखमांची यादी आहे. तू अख्खा मेलायस.”
“मग अख्ख्याचा दर सांग.”
“अख्ख्याचा दर नसतो, वारस असतो. शंभूला दिलाय तुझा वाटा.”
शंभू मागून म्हणाला, “मी इथे वर्षभर रडतोय आणि तू आल्या आल्या हिशोब काढतोस?”
“रडलास ते बघितलं मी. पैसे राहू देत. माझा निळा सदरा स्वयंपाक्याच्या अंगात काय करतोय ते सांग.”

पहिल्या ड्राफ्टमध्ये इथे शंभूचं मोठ्ठं भाषण होतं प्रेमाबद्दल, ते सगळं काढलं. आता तो काही न बोलता जातो आणि स्वयंपाक्याच्या अंगातून सदरा ओढून काढतो, स्वयंपाकी ओरडतोय, रस्सा करपतोय, आणि मिराजला सदरा घालता येत नाही कारण तो त्याच्या आरपार पडतो, मग शंभू तो स्वतःच घालतो. मला हा पूर्ण पुस्तकातला सगळ्यात आवडता क्षण वाटतोय सध्या.

आता पाठलाग. झरीनचं जहाज मोठं, चौकोनी शिडांचं, मागून वारा असेल तर ते नीराला सहज गाठेल. पण चौकोनी शिडांना वाऱ्याच्या दिशेने फार जवळ जाता येत नाही, साधारण ६० अंशांच्या आत शिरलं की शिडं फडफडतात आणि जोर जातो. ‘उलटी गंगा’ची शिडं त्रिकोणी, ती वाऱ्याच्या बरीच जवळ जाते. म्हणून नीरा सरळ वाऱ्याच्या तोंडावर निघते, नागमोडी, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे, आणि झरीनही तसंच करत मागे येते, त्यामुळे दोघींचे मार्ग पुन्हा पुन्हा एकमेकांना छेदतात. दर वेळी दोघींना एकमेकींवर ओरडायला फक्त एक वाक्य मिळतं! अख्खं भांडण असं हप्त्याहप्त्याने चालतं, “तू पत्राला उत्तर का नाही दिलंस” पासून सुरू होतं, आणि उत्तर यायला पुढचं वळण यावं लागतं तोवर दोन्हीकडचे खलाशी दोर सोडून ऐकत उभे.

अंतर प्रत्येक वळणाला वाढत जातं, तेव्हा झरीनचं शेवटचं वाक्य भोंग्यातूनही नीट पोचत नाही. शंभूला “तुला पकडेन” ऐकू आलं, स्वयंपाक्याला “तुला परवडेन”, मिराज म्हणतो “तुझ्याकडे येईन”. आणि चाच्यांच्या जहाजावर मोठ्या गोष्टी मताने ठरतात, अठराव्या शतकातला खराखुरा चाचा बार्थोलोम्यू रॉबर्ट्स, त्याच्या नियमावलीत पहिलंच कलम प्रत्येकाला मत असल्याचं आहे. त्यामुळे झरीन काय म्हणाली यावर मतदान होतं. भुताला मत आहे का यावर आधी वेगळं मतदान होतं. नीराला मत द्यायचंच नाहीये, ती सुकाणू धरून लाल झालेली उभी आहे.

इथपर्यंत आलेय. मतदानाचा निकाल मला माहितीय पण लिहायचा बाकी आहे. त्यानंतर झरीन खरंच एकटी होडीतून येते, आणि रॉबर्ट्सच्याच नियमावलीत वादकांना आठवड्यातून एक दिवस हक्काची सुट्टी होती, तर ती नेमकी सुट्टीच्या दिवशी पोचणार, स्वागताला वाजवणारं कोणी नाही, आणि शंभू म्हणणार की तोफ चालेल का. शिडं वळवण्याचं कोणाला नीट कळत असेल तर पाठलागाचा कच्चा भाग वाचायला देईन, खास करून वळताना डेकवर कोण कुठे उभं असतं ते तपासून हवंय.