मिलवॉकीचे पूल तिरके का?

भारतातून कुणी पाहुणे आले आणि अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या आमच्या मिलवॉकी शहराच्या डाउनटाउनमध्ये फिरवायला नेले, की हा प्रश्न येतोच: "अहो, नदीवरचे पूल असे तिरके का?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. हे मुद्दाम झालंय, भांडणातून.

1830 च्या दशकात इथे एक गाव नव्हतंच, तीन होती. नदीच्या पूर्वेला सॉलोमन जूनो, 1818 पासून इथे फरचा व्यापार करणारा फ्रेंच-कॅनेडियन. पश्चिमेला बायरन किलबर्न, पेशाने सर्व्हेअर. दक्षिणेला जॉर्ज वॉकर. तिघांनाही प्लॉट विकायचे होते, आणि जमीन मुळात पोटावाटोमी आणि मेनॉमिनी या इथल्या मूळ रहिवासी जमातींची. तहांवर सह्या घेऊन ती त्यांना सोडायला लावलेली. या शहराची गोष्ट सांगताना हे गाळणं मला पटत नाही.

किलबर्नने आपले रस्ते असे आखले की ते जूनोच्या रस्त्यांसमोर येऊच नयेत. त्याच्या नकाशात पूर्वेचा काठ चक्क कोरा! पुढे 1840 मध्ये पूल बांधणं भाग पडलं, तेव्हा समोरासमोर नसलेली दोन टोकं जोडायला पूल तिरपाच टाकावा लागला. मग खर्च कोणी करायचा यावरून धुसफूस. मे 1845 मध्ये एका जहाजाची पुलाला धडक बसली आणि भडका उडाला. पश्चिमेच्या लोकांनी एका पुलाचं आपल्याकडचं टोक नदीत पाडलं. पूर्वेच्या लोकांनी जुनी तोफ आणून किलबर्नच्या घरावर रोखली. त्याची मुलगी नुकतीच वारल्याचं कळलं म्हणून ती डागली नाही, असं सांगतात. पण थोड्याच दिवसांत त्यांनीही दोन पूल मोडले. अखेर जानेवारी 1846 मध्ये तिन्ही गावांचं एक शहर झालं. जूनो पहिला मेयर. पुढे किलबर्न आणि वॉकरही मेयर झाले.

त्यानंतर शहर झपाट्याने वाढलं. आधी गव्हाचं बंदर, मग जर्मन लोकांच्या बिअरच्या भट्ट्या, चामड्याचे कारखाने, एडवर्ड अ‍ॅलिस या कारखानदाराची अवजड यंत्रं. मेनॉमिनी नदीच्या खोऱ्यात रानभाताची दलदल होती. भराव घालून तिथे रेल्वेचे रूळ आणि कारखाने आले.

पूल दाखवून झाले, की मी पाहुण्यांना शहराच्या दक्षिणेकडच्या बे व्ह्यू भागात नेते. 5 मे 1886 रोजी आठ तासांचा दिवस मागत कामगार तिथल्या लोखंडाच्या रोलिंग मिलकडे निघाले होते. राज्याच्या मिलिशियाने, म्हणजे राखीव सैनिकदलाने, त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. किमान 7 जण मेले. गोळीबाराच्या जागेजवळ आता फलक आहे. तो तुम्ही थांबून, सगळा वाचा.